अब्खाझिया: देश आहे की नाही? (आणि "गाव कुठलं" ह्या प्रश्नाचं काय करायचं)

नकाशावेडा
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. लेक जॉर्जियात, तिबिलिसीला एमबीबीएसला आहे (नीटची रामकहाणी दुसऱ्या धाग्यात सांगून झालीये, परत उगाळत नाही). मे महिन्यात आम्ही दोघं तिला भेटायला गेलो होतो. तिघी मुलींनी मिळून फ्लॅट घेतलाय, घरमालकीणबाई वरच्याच मजल्यावर मुलासोबत राहतात, साठी ओलांडलेल्या, स्वभावाने एकदम मोकळ्या. पहिल्याच दिवशी वर बोलावून चीज भरलेली पोळी, खाचापुरी म्हणतात ती, इतकी खायला घातली की रात्रीचं जेवण रद्द. ओळख करून देताना म्हणाल्या, मी सोखुमीची. मुलगाही म्हणाला मी सोखुमीचा. मी आपला सवयीने फोनवर नकाशा उघडला आणि त्याला विचारलं कधी सोडलं गाव, तर म्हणतो मी कधी गेलोच नाहीये, माझा जन्म इथला, ९६ चा. आई ९३ च्या सप्टेंबरात, युद्धात, पळून आली.
नकाशात सोखुमी जॉर्जियातच दिसतं, पण मध्ये एक तुटक रेषा आहे. त्या रेषेपलीकडचा भाग म्हणजे अब्खाझिया, सोखुमी त्याची राजधानी. त्यांचा स्वतःचा राष्ट्राध्यक्ष आहे, झेंडा आहे, संसद आहे, सगळं आहे, फक्त जग म्हणतं हा देश नाही.
तर प्रश्न दोन. एक, हा देश आहे की नाही? दोन, जो माणूस जन्मात तिथे गेला नाही तो तिथला कसा?

मिरचीभजी
दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. माझा जन्म डोंबिवलीचा, शाळा डोंबिवली, नोकरी डोंबिवली-ठाणे-डोंबिवली, तरी कुणी गाव विचारलं की देवरूख. तिकडे आमची एक पडवी आहे, तीही चुलत्यांच्या ताब्यात :D

रेवा_जी
मिरचीभजी, फरक एवढाच की तुम्ही गणपतीला जाऊ शकता.
मी तिबिलिसीतच शिकले, २०१२ ते २०१८. आमच्या बॅचला अर्धे जॉर्जियन शिक्षक हा विषय काढायचे नाहीत आणि उरलेले अर्धे थांबायचे नाहीत. ९२-९३ च्या युद्धात अब्खाझियातून पळून आलेल्या ह्या लोकांना तिकडे 'देवनिली' म्हणतात, म्हणजे हुसकून लावलेले. सुमारे दोन ते अडीच लाख लोक आहेत हे, बहुतेक सगळे वंशाने जॉर्जियन. शहराच्या मधोमध एक उंच हॉटेल आहे, आता रॅडिसन आहे तिथे, पूर्वी त्याचं नाव इवेरिया होतं. त्या सरकारी हॉटेलात हे लोक ९२-९३ पासून २००४ पर्यंत राहिले. बाल्कन्या प्लायवूड, पत्रे, जे मिळेल ते लावून बंद केल्या होत्या, जुने फोटो बघा, उभी चाळ वाटते. त्सकाल्तुबो म्हणून गावात सोव्हिएत काळातली आरोग्यधामं आहेत, संगमरवरी खांब वगैरे, तिथे तर कित्येक कुटुंबांची दुसरी पिढी वाढली. सोखुमीचं विद्यापीठसुद्धा तिबिलिसीत आहे, अब्खाझियाचं 'अधिकृत' (म्हणजे जॉर्जिया मानतो ते) सरकार पण तिबिलिसीत आहे. म्हणजे जागा सोडून सगळं आहे. म्हणून तो मुलगा सोखुमीचाच. कागदोपत्री पण.

पुरंदरचा_वाघ
कसला देश हो? रशियाचं प्यादं आहे. खिशात रूबल, हातात रशियन पासपोर्ट, सीमेवर रशियन शिपाई, बजेटला रशियन पैसा. उद्या पुतिनने पाठिंबा काढला तर दोन दिवस टिकायचं नाही. धागा संपला.

काळी_मांजर
धागा इतक्या लवकर संपत नसतो वाघोबा, बसा.
ह्या विषयावर मी बरंच वाचलंय आणि माझी सहानुभूती थोडी अब्खाझ लोकांकडे आहे हे आधीच सांगते. जॉर्जियन आणि अब्खाझ भाषा एका कुळातल्यासुद्धा नाहीत. अब्खाझमध्ये ५८ व्यंजनं आणि स्वर फक्त दोन, आपण एका ळ साठी भांडतो. ते स्वतःच्या देशाला अप्सनी म्हणतात. १८६४ नंतर रशियन झारने ह्यांच्यातल्या हजारोंना समुद्रापार तुर्कस्तानात ढकललं, १८७७-७८ च्या युद्धानंतर परत एकदा. गावंच्या गावं ओस. आज तुर्कस्तानात अब्खाझ वंशाचे लोक अब्खाझियापेक्षा जास्त असतील. ह्या रिकाम्या जागेत मग बाकीचे येत गेले.
सोव्हिएत आल्यावर १९२१ मध्ये अब्खाझिया वेगळं प्रजासत्ताक होतं, जॉर्जियाशी करार करून जोडलेलं. १९३१ मध्ये स्टालिनने त्याचा दर्जा उतरवून जॉर्जियाच्या पोटात घातलं. स्टालिन जॉर्जियन. त्याचा उजवा हात बेरिया, तो तर सोखुमीजवळच्याच मेर्खेउली गावचा, मिंग्रेलियन (जॉर्जियनांतलाच एक गट). अब्खाझ नेता नेस्तोर लाकोबा १९३६ च्या डिसेंबरात तिबिलिसीत बेरियाकडे जेवायला गेला आणि त्याच रात्री मेला. विष घातलं असं जवळपास सगळेच मानतात. त्यानंतर जॉर्जियातून वसाहती आणून बसवल्या, लिपी जॉर्जियन केली, ४५-४६ मध्ये अब्खाझ शाळा बंद. १९८९ च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वापाच लाख, त्यात अब्खाझ १७.८ टक्के आणि जॉर्जियन ४५.७. स्वतःच्या नावाच्या प्रदेशात सहाजणांत एक. त्यांना भीती वाटणारच ना की उद्या आपण उरणारच नाही?

विसोबा_वकील
मांजरताई, इतिहास पटला. पण तुमच्याच आकड्यांवर येतो. १७.८ टक्क्यांनी ४५.७ टक्क्यांना बाहेर काढून मग 'आमचं बहुमत आहे, आम्ही स्वतंत्र' म्हणायचं ह्याला स्वयंनिर्णय म्हणत नाहीत. २०११ ची त्यांची स्वतःची जनगणना बघा, लोकसंख्या २ लाख ४० हजार, म्हणजे निम्म्याहून कमी, आणि अब्खाझ बरोब्बर ५० टक्क्यांच्या जरा वर. घर रिकामं करून घेतल्यावर मतमोजणी.
आता कायद्याचं. १९३३ चा माँटेव्हिडिओ करार, राज्य म्हणायला चार गोष्टी लागतात: कायमची वस्ती, ठरलेला प्रदेश, सरकार आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. ह्यात 'इतरांनी मान्यता दिली पाहिजे' असं कुठेही नाही. पहिल्या तीन गोष्टी अब्खाझियाकडे बऱ्यापैकी आहेत, चौथीत ते अडकतात. पण बळ वापरून, माणसं हुसकून बनवलेल्या राज्याला मान्यता देऊ नये हा वेगळा संकेत आहे आणि इथे तो लागू होतो असं माझं मत. OSCE ने १९९४, १९९६, १९९९ अशा तीन शिखर परिषदांत अब्खाझियातल्या जॉर्जियनांबाबत 'वांशिक शुद्धीकरण' हा शब्द वापरलाय.

मिरचीभजी
OSCE म्हणजे?

विसोबा_वकील
युरोपातली सुरक्षा आणि सहकार्याची संघटना. देवनागरीत लिहायला हवं होतं, ओएससीई. सवय.

काळी_मांजर
वकीलसाहेब, हुसकलं हे मी नाकारतच नाही. पण सुरुवात कुणी केली तेही लिहा. १४ ऑगस्ट १९९२ ला रणगाडे घेऊन कोण आलं? जॉर्जियाचं नॅशनल गार्ड, प्रमुख कितोवानी. नाव सांगितलं रेल्वेमार्गाच्या संरक्षणाचं, आणि घुसले सुट्टीवर आलेल्या लोकांनी भरलेल्या समुद्रकिनाऱ्याच्या शहरात. ऑक्टोबरमध्ये सोखुमीचा सरकारी दप्तरखाना जळाला, अब्खाझ इतिहासाची कागदपत्रं गेली. आपल्याकडे कुणी पेशवे दप्तर जाळलं तर आपण काय म्हणू?
आणि त्याच्या आदल्या वर्षी चांगला तोडगा निघालेला होता हे कुणी सांगत नाही. १९९१ मध्ये ६५ जागांची संसद ठरली, २८ अब्खाझ, २६ जॉर्जियन, ११ बाकीचे.

पुरंदरचा_वाघ
१७ टक्के लोकांना ४३ टक्के जागा? हे आरक्षण तर आपल्याकडे पण कुणी मागितलं नाही :))

संपादक
आरक्षणावर एकही प्रतिसाद आला तर धागा वाचनमात्र होईल. विषयाला धरून.

तीनशेर
एक सांगू का, मला हे सगळं वाचताना सारखं बेळगाव आठवतंय. सोखुमी का सुखुम ह्यावरून पण भांडण आहे म्हणे तिकडे? जॉर्जियन लोक शेवटी इ लावतात, अब्खाझ लावत नाहीत. बेळगाव, बेळगावी, तेच. १९५६ ला एका रेषेने आम्हाला पलीकडे टाकलं, मग महाजन आयोग, २००४ पासून सुप्रीम कोर्टात तारखा. आमच्या आजोबांनी आख्खं आयुष्य एक नोव्हेंबरला काळी फीत लावली.

रेवा_जी
तीनशेर, नावाचं अगदी बरोबर. तिकडे तुम्ही सुखुम म्हणालात की बाजू घेतली, सोखुमी म्हणालात तरी बाजू घेतली. सुखुमी म्हणजे रशियन वळणाचं, त्यावर दोघंही नाराज. पण बेळगावशी तुलना इथेच थांबवू या का? तुमच्या आजोबांना सकाळी उठून कोल्हापूरला एसटीने जाता येत होतं. तिकडे सोखुमी पडल्यावर लोक कोदोरीच्या खोऱ्यातून डोंगर चढून जॉर्जियातल्या स्वानेतीत गेले, पायी, बर्फात, वाटेत थंडीने आणि उपाशी मेलेले कित्येक. माझ्या एका मॅडमची धाकटी बहीण त्यातली.

तीनशेर
मान्य. तुलना मागे घेतो. काळी फीत मात्र घेत नाही.

मॉस्कोवासी
रुमाल टाकून बसलो होतो, आता लिहितोच. मी २०१९ च्या उन्हाळ्यात अब्खाझियाला जाऊन आलोय, मॉस्कोतल्या औषध कंपनीत होतो तेव्हा. रशियातल्या सोचीच्या पुढे आडलर, तिथून प्सोऊ नदीवरचा पूल चालत ओलांडायचा. आधी ईमेलने परवानगीचं पत्र मागवावं लागतं आणि रशियाचा व्हिसा दोन वेळा आत यायचा हवा, नाहीतर जाल आणि पलीकडेच राहाल. पुलावर रशियन आजीबाई ट्रॉलीतून संत्री-मँडरिन ओढत असतात. मग एका खटारा मिनीबसने गाग्रा. निसर्ग विचारू नका, कोकणाला हिमालय चिकटवला तर कसं होईल तसं. एकीकडे समुद्र, मागे बर्फ. नोव्ही आफोनचा मठ बघितला, गुहा बघितल्या, सुखुमला माकडांची प्रयोगशाळा आहे, १९२७ पासूनची, तीही बघितली. आणि मध्यवर्ती चौकात सरकारी मुख्यालयाची उंच इमारत, १९९३ मध्ये जळलेली ती तशीच उभी. खिडक्यांतून झाडं आलीयेत. इतक्या वर्षांत पाडली पण नाही, बांधली पण नाही.
लोक फार अगत्याचे. पण प्रत्येक घरात एक तरी फोटो असतो, लढाईत गेलेल्या पोराचा. ९३ हजारांचा समाज, त्यातले काही हजार त्या तेरा महिन्यांत गेले, म्हणजे ओळखीतलं कुणी गेलं नाही असं घरच नाही.

पुरंदरचा_वाघ
आणि दोन-अडीच लाख लोकांच्या रिकाम्या घरांपैकी एकात तुम्ही होमस्टे केलात का? विचारतोय फक्त.

मॉस्कोवासी
माहीत नाही. खरंच माहीत नाही. तेव्हा विचारलं नाही.

रेवा_जी
वाघ, जरा हळू.
पण मॉस्कोवासी, इतरांसाठी एक गोष्ट ठळक लिहायला हवी. जॉर्जियाच्या कायद्याने (२००८ चा व्याप्त प्रदेशांचा कायदा) रशियाच्या बाजूने अब्खाझियात शिरणं गुन्हा आहे, दंड किंवा तुरुंग. अब्खाझवाले व्हिसा वेगळ्या कागदावर देतात पण प्सोऊवरचा रशियन शिक्का पासपोर्टवर बसतोच. आपली एवढी मुलं जॉर्जियात शिकतात, कुणी सुट्टीत सोचीमार्गे 'चला बघून येऊ' केलं तर पदवी बाजूला राहील. कायदेशीर रस्ता जॉर्जियातल्या झुगदिदीकडून, एंगुरी नदीच्या पुलावरून.

नकाशावेडा
रेवाताई, हे लगेच लेकीला पाठवलं. ती म्हणते बाबा मला फार्माकोलॉजीतून डोकं वर काढायला वेळ नाही, सोची कुठली.

दगडू_इंजिनियर
एंगुरीचा विषय निघालाच आहे तर माझ्या आवडीची गोष्ट. ह्या नदीवर २७१ मीटर उंचीचं कमानी धरण आहे, जगातल्या सगळ्यात उंच कमानी धरणांपैकी एक. कोयनेची भिंत १०३ मीटर आहे, अंदाज घ्या. गंमत अशी की धरण जॉर्जियाच्या ताब्यात आणि वीजघर अब्खाझियाच्या, गालीत. पाणी ह्यांनी सोडायचं, टर्बाइन त्यांनी फिरवायचं. युद्ध झालं, नाकाबंदी झाली, २००८ चं रशिया-जॉर्जिया युद्ध झालं, पण वीज वाटून घेणं कधी कायमचं थांबलं नाही. कारभार लेखी करारापेक्षा समजुतीवर चालतो. दोन्हीकडचे इंजिनियर एकमेकांना फोन करतात, राजकारणी करत नाहीत.
अलीकडे अब्खाझियात वीज जवळपास फुकट म्हणून घराघरात, गॅरेजात क्रिप्टो मायनिंगची यंत्रं लागली आणि थंडीत अंधार व्हायला लागला. मग रशियाकडून वीज मागवायची. देश असो नसो, लोडशेडिंग आहे.

मिरचीभजी
लोडशेडिंग असेल तर देश आहे. माझं मत नक्की झालं.

विसोबा_वकील
:)
मान्यतेचं लिहायचं राहिलं. २६ ऑगस्ट २००८ ला रशियाने मान्यता दिली, त्या पाच दिवसांच्या युद्धानंतर. मग निकाराग्वा, व्हेनेझुएला, नाउरू, पुढे २०१८ मध्ये सीरिया. वानुआतू आणि तुवालू ह्या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटांनी २०११ मध्ये दिली आणि दोन-तीन वर्षांत परत घेतली. भारताने दिलेली नाही. पण भारताने सर्बियातून फुटलेल्या कोसोवोलाही दिलेली नाही, म्हणजे आपण निदान एका मापाने मोजतो, कारण उघड आहे. अमेरिका म्हणते कोसोवो वेगळं प्रकरण, अब्खाझिया नाही. रशिया म्हणतो अब्खाझिया होय, कोसोवो नाही. दोघंही भाषण एकच करतात, फक्त नावं बदलून.

काळी_मांजर
आणि वाघोबांच्या प्यादं ह्या शब्दावर. २०२४ च्या नोव्हेंबरात काय झालं ते वाचा. रशियन गुंतवणूकदारांना मोकळं रान देणारा करार संसदेत आला, तर लोकांनी ट्रक लावून कुंपण ओढून काढलं आणि संसदेत घुसले. चार दिवसांनी राष्ट्राध्यक्ष बझानियाने राजीनामा दिला. रशियन माणसाला तिथे आजही जमीन-घर सरळ विकत घेता येत नाही, त्यांच्याच पैशावर जगून त्यांनाच हे नाकारतात. भीती तीच जुनी, पुन्हा सहाजणांत एक होऊ. प्यादं असं वागत नाही.

पुरंदरचा_वाघ
हे माहीत नव्हतं. पण मग २०२५ मध्ये निवडून कोण आलं? मॉस्कोने हात डोक्यावर ठेवलेला गुंबाच ना? आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून सुखुमला विमानं सुरू झाली, कुठून, रशियातूनच. प्यादं नाही म्हणा, फार तर उंट म्हणा, तिरकं चालतं.
बाकी ९२-९३ मध्ये ह्यांच्या बाजूने लढायला शामिल बसायेव आला होता हे पण लिहा की. तोच, पुढे चेचन्यात रशियाविरुद्ध लढलेला. रशियाने तेव्हा पोसलं, नंतर भोगलं.

काळी_मांजर
लिहिलं तुम्हीच. उंट चालेल.

दगडू_इंजिनियर
पहिला राष्ट्राध्यक्ष अर्दझिन्बा हित्ती संस्कृतीचा अभ्यासक होता, हजारो वर्षांपूर्वीचे विधी वगैरे. इतिहासाच्या प्राध्यापकांना राजकारणात येऊ देऊ नये असं माझं प्रामाणिक मत. शेजारी जॉर्जियात तेव्हा राष्ट्राध्यक्ष गाम्साखुर्दिया, साहित्यिक. दोघांनाही फार जुनं फार नीट आठवत होतं.

गालीची_गोष्ट
बरेच दिवस वाचनमात्र होते, ह्या धाग्यासाठी लॉगिन केलं. सगळे दोनच बाजू धरून बोलताय. गाली जिल्ह्यात आजही जॉर्जियन (मिंग्रेलियन) राहतात, चाळीसेक हजार, परत आलेले. हेझलनटच्या बागा आहेत त्यांच्या. त्यांना अब्खाझिया आपला पूर्ण नागरिक मानत नाही, मुलांच्या शाळा २०१५ पासून रशियन माध्यमात गेल्या. पेन्शन आणायला, दवाखान्यात जायला नदीपलीकडे जावं लागतं. पूर्वी ओलांडायच्या जागा पाच-सहा होत्या, नंतर एक-दोन उरल्या. कागद नसला की लोक रात्री नदीतून जातात, २०२१ च्या एप्रिलमध्ये चौघं बुडाले. ह्यांना विचारा देश आहे की नाही, ते विचारतील आज पूल उघडा आहे का.
मी एका आरोग्य संस्थेसाठी झुगदिदीत वर्षभर होते, एवढंच सांगते.

मिरचीभजी
ह्यावर काही विनोद सुचत नाही. थांबतो.

विसोबा_वकील
उत्तम प्रतिसाद. माझे चार निकष ह्यात कुठेच बसत नाहीत.

नकाशावेडा
मंडळी, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. लेकीकरवी घरमालकीणबाईंना विचारलं. मूळ प्रश्न सरळ विचारायचं धाडस तिला झालं नाही, (बरंच झालं), तिने एवढंच सांगितलं की बाबांच्या ओळखीतले एक गृहस्थ सोखुमीला जाऊन आलेत. मला वाटलं चिडतील, रशियाकडून गेले म्हणून. बाई जरा वेळ गप्प बसल्या, मग मुलाला हाक मारून खाली बोलावलं. आणि मग प्रश्नच प्रश्न. समुद्रावर धक्क्याजवळ ब्रेखालोव्का म्हणून उघड्यावरची कॉफीची जागा होती, ती आहे का? पुरुष मंडळी तिथे डोमिनो खेळायची, अजून खेळतात का? त्यांचे वडील निवृत्त झाल्यावर रोज तिथे बसायचे म्हणे. मॉस्कोवासी, काही आठवतंय का?

मॉस्कोवासी
आठवतंय. आहे ती. ब्रेखालोव्का म्हणजे गप्पा हाणायचा कट्टा, आपल्या भाषेत थापांचा अड्डा. मी दोन सकाळी तिथेच काढल्या. डोमिनो आपटतात, बुद्धिबळ पण असतं, सगळे म्हातारे. त्यात अब्खाझ होते, आर्मेनियन होते. एकाने मला हिंदी सिनेमातलं गाणं म्हणून दाखवलं.

नकाशावेडा
सांगतो. आणखी एक विचारलंय, कॉफी तापलेल्या वाळूवरच करतात का अजून.

मॉस्कोवासी
हो, वाळूवरच. छोटी तांब्याची दांडीची भांडी, वाळूत सरकवत राहतात. दोन-चार फोटो असावेत जुन्या फोनमध्ये. शोधून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, रविवारपर्यंत वेळ द्या.

पुरंदरचा_वाघ
मॉस्कोवासी, होमस्टेवरून बोललो ते जरा जास्तच झालं. फोटो मिळाले तर इथेही टाका.

मिरचीभजी
नकाशावेडा काका, त्या खाचापुरीची पाकृ पण विचारून घ्या. वेगळा धागा काढा.